थांबलेल्या पंख्यावरचं नाव

मॅग्नेट क्रेननं ढिगातलं सगळं उचललं, आणि ते एक पातं तेवढं खाली राहिलं.

रायपूरजवळच्या उरला या औद्योगिक वसाहतीतल्या त्या कारखान्यात गंधालीला लागून वर्ष होत आलं होतं. तिचं काम प्रयोगशाळेतलं. वितळलेल्या धातूची चकती यायची आणि तिच्यात कार्बन किती, गंधक किती हे यंत्रावर पाहायचं. यार्डात येऊन भंगाराच्या ढिगाशी उभं राहायची तिला काही गरज नव्हती. पण भट्टीत काय जाणार हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय यंत्राच्या आकड्यांवर तिचा विश्वास बसत नसे. शिवाय ते पाहायला तिला आवडायचं. चुंबकाची जाड गोल थाळी खाली आली की सळया, पत्रे, सायकलींच्या रिमा, खाटांचे पाय उड्या मारत तिला जाऊन चिकटायचे, जणू कुणी नाव घेऊन हाक मारली होती. त्या दुपारी थाळी वर गेली, आणि काळ्या मातीवर पंख्याचं एक पातं एकटंच उरलं. हाक त्याच्यासाठी नव्हती.

"वो छोड़ो मॅडम," यार्ड सांभाळणारा शेखर म्हणाला. "एल्युमिनियम है. अलग डब्बे में जाएगा." शेखर समता कॉलोनीतला, घरी आईकडून मराठी ऐकणारा आणि जगाशी हिंदी बोलणारा. गंधालीनं मराठीत विचारावं आणि त्यानं हिंदीत उत्तर द्यावं, हे दोघांच्या अंगवळणी पडलं होतं. पातं डब्यात टाकावं म्हणून ती वाकली. मूळचा साय-रंग, कडांना तपकिरी पट्टी, मधे एक पोचा. वरची धूळ तिनं अंगठ्यानं पुसली, आणि धुळीखालून लाल ऑइलपेंटची अक्षरं वर आली. कै. सौ. पद्मिनी. तिच्या आईचं नाव.

आधी दुःख झालं नाही. आधी तिला दिसलं ते एवढंच, की 'द्म'च्या खालच्या वळणाशी रंग जाड आहे, म्हणजे तिथं रंगाऱ्याचा हात क्षणभर थबकला असणार. मग क्रेनचा आवाज लांब गेला, आणि आपण श्वास धरून ठेवलाय हे तिच्या लक्षात आलं.

"शेखर, ही गाडी कुठून आली?"

"अभनपुर साइड से. क्यों, कुछ गड़बड़ है क्या?"

"काही नाही." ती ढिगाच्या कडेकडेनं फिरू लागली. पंख्याला पाती तीन. दुसऱ्यावर 'दिवाकर दाभाडकर' असणार, तिसऱ्यावर 'यांच्या स्मरणार्थ'. तिनं पाय लावून पत्रे उलथले. शेखर हसून म्हणाला, "मॅडम, एक पंखे के लिए इतना? घर पे गर्मी बहुत है क्या, जनवरी में?" बाकीची दोन पाती सापडली नाहीत. सापडलेलं तिनं नमुन्यांच्या पोत्यात गुंडाळलं आणि सुटी झाल्यावर स्कूटीवर पायांच्या मधे उभं धरून ती घरी निघाली.

पंख्याच्या पात्याला थोडा पीळ असतो. पंखा फिरला की त्या पिळामुळं हवा खाली ढकलली जाते. ट्रकांच्या धुळीतून स्कूटी वेगात आली तशी समोरून येणारी हवा पात्यावर आपटू लागली, आणि ते पोत्यातल्या पोत्यात वळून तिच्या गुडघ्याला रेटू लागलं. थोडं रेटायचं, ढिलं व्हायचं, पुन्हा रेटायचं. लहानपणी स्कूटरवर पुढं उभी असताना आई मागून असाच गुडघा लावायची, सरळ उभी राहा म्हणून. हे तिला आठवलं, पण आई काय म्हणायची त्यातले शब्दच फक्त आठवले. आवाज आठवला नाही. हे तिला काही वर्षांपासून माहीत होतं. शब्द राहतात, त्यांच्यावरचा आवाज आधी उडून जातो. मराठी मंडळाच्या त्या हळदीकुंकवात आई उभी राहून काय बोलली हे ती शब्दशः सांगू शकली असती, पण ते सगळं आता तिला स्वतःच्याच आवाजात ऐकू येई.

तेव्हा छत्तीसगढ राज्य नवं नवं झालं होतं आणि रायपूर राजधानी. बाबांचं ऑफिस मंत्रालयात गेलं. तात्यापारा या मराठी वस्तीतल्या घरांची भाडी वाढली, कोपऱ्यावरच्या पानवाल्याला परक्या गावांतून आलेले साहेब ओळखू लागले, आणि जो तो म्हणे, आता बघा. काय बघा ते कुणालाच ठाऊक नव्हतं. त्या संक्रांतीला मंडळाच्या हॉलमधे बायका एकमेकींना प्लास्टिकचे डबे, चाळण्या, साबणाच्या डब्या वाण म्हणून लुटत होत्या, आणि आई मधेच उभी राहिली. आई बडनेऱ्याची, रेल्वेतल्या बापाची पोर. दाभाडकरांचं घर भोसल्यांच्या काळापासून रायपुरात, त्यामुळं तिचं बोलणं सासरी सगळ्यांना गावंढळ वाटे. "मले नाही पाहिजे तुमच्या चाळण्या," ती म्हणाली. "घरी ठेवाले जागा नाही राह्यली. यंदापासून वाण शाळेले देऊ. परसाडीह गावच्या पोट्ट्या आठवी झाल्या का घरी बसून राहिल्या. पुढची शाळा अभनपूरले, जायाले पैसा नाही. चाळणीचा पैसा तिथं टाका." कुणीतरी म्हणालं, वाण म्हणजे हातात काही पडायला हवं ना. आई म्हणाली, "पडते ना. पोट्टीच्या हातात पडते." विनोदिनीकाकू, ज्या पुढं मंडळाच्या अध्यक्षा झाल्या, तेव्हा मोठ्यानं हसल्या होत्या. चेष्टा म्हणून हसल्या, आणि पर्समधली चाळणी काढून परत दुकानात द्यायला त्याच आधी गेल्या.

जयस्तंभ चौकात सिग्नलला गंधालीनं पात्यावरचं पोतं नीट केलं. दुसऱ्या वर्षी आई त्याहून पुढं गेली होती. पौषातल्या पुनवेला छत्तीसगढात छेरछेरा असतो. नवं धान घरात आलेलं असतं, आणि त्या दिवशी गावातली पोरं, म्हातारे, असलेले, नसलेले, सगळे टोपली घेऊन दारोदार जातात, छेरछेरा म्हणून साद घालतात, आणि घरवाला ओंजळभर धान टोपलीत टाकतो. त्या दिवशी मागणाऱ्याला भिकारी म्हणत नाहीत. तात्यापाऱ्यातल्या मराठी घरांत धान टाकायला बायका दारात यायच्या, मागायला मात्र कुणी गेलं नव्हतं. आईनं दळणवाल्या फुलबाईकडून टोपली आणली, गंधालीला नवा फ्रॉक घातला आणि निघाली. "तू वेडी झालीस का," बाबा आतूनच म्हणाले, "ऑफिसातले लोक राहतात इथं." आई म्हणाली, "मंग त्यायच्या घरी आधी जातो." पहिल्या दारात तिनं साद घातली तेव्हा गंधाली तिच्या पदरामागं लपली. शरमेनं कान तापले होते, आणि तरी आईचा तो ताठ हात, टोपलीचा काठ धरलेला, तिला फार सुंदर वाटत होता. दोन्ही एकदम. "काहून लाजतेस?" आई वाकून म्हणाली. "मागनं आपल्यासाठी असलं तर लाजाव." त्या वर्षी धान विकून परसाडीहच्या शाळेला फळे आले आणि तीन मुली अभनपूरला गेल्या. त्यांतली एक आता त्याच शाळेत शिकवते, असं बाबा सांगतात. सांगताना नेहमी छताकडं बघतात, जणू शाळेतला तो पंखा त्यांच्याच घरात आहे.

पंखा आईला नको होता. म्हणजे पंखा हवा होता, नाव नको होतं. मंडळातले गंगाधरराव म्हणत, नाव नसलं तर लोक देत नाहीत, हे अनुभवाचं सांगतो. पंख्यावर नाव घाला, दहा पंखे येतील. आई म्हणाली होती, "पंख्यावर काहून? फिरला का दिसत नाही, आन थांबला का मास्तरले घाम. घाम पुसता पुसता तुमचं नाव वाचन का तो?" हॉल हसला होता. मग एका पावसाळ्यात कावीळ झाली, दवाखान्यात आईचे डोळे हळदीसारखे पिवळे दिसले, आणि ती गेली. वर्षश्राद्धाच्या आधी बाबांनी परसाडीहच्या शाळेला एक पंखा दिला, तिन्ही पात्यांवर अक्षरं रंगवून. आईनं त्या हॉलमधे काय म्हटलं होतं ते त्यांना आठवत नव्हतं असं नाही. पण बाबांना कुठंतरी ते नाव लिहिलेलं हवं होतं. घरातल्या भांड्यांवर कोरलेलं पुरत नव्हतं.

पंखा बसवला त्या दिवशी गंधाली त्या वर्गात खाली सतरंजीवर बसली होती. बटण दाबलं, पाती हलली, 'पद्मिनी' एकदा समोरून गेलं, पुन्हा गेलं, मग नुसतं लाल रंगाचं कडं उरलं आणि नंतर तेही फिकं झालं. तिनं डोळ्यांची फार भराभर उघडझाप करून पाहिली. एखाद्या मिटण्या-उघडण्याच्या मधे अक्षर क्षणभर थांबून दिसे, 'मि' किंवा नुसती वेलांटी, आणि जाई. कॉलेजात स्ट्रोबोस्कोपचा प्रयोग आला तेव्हा सर सांगायच्या आधीच तिला तो समजला होता. ठरावीक वेळानं प्रकाश टाकला की फिरणारी वस्तू थांबलेली दिसते. वेळ जुळली नाही की उलटी फिरते. प्रयोगवहीत तिनं आकृती काढली आणि पंख्याला नाव घातलं नाही.

घरी बाबा बैठकीत जमिनीवर बसले होते. समोर स्टीलची नळाची टाकी, नवी, वर्तमानपत्रात अर्धी गुंडाळलेली. "बघ बरं," ते म्हणाले, "वीस लिटरची. रविवारी छेरछेऱ्याला मंडळ परसाडीहला जातंय ना, तेव्हा देऊ. भांड्यांच्या दुकानवाला उद्या मशीननं नाव कोरून देतो म्हणाला. पूर्ण घालू का नुसतं पद्मिनी?" गंधालीनं पोतं दारामागं उभं केलं. "ते काय?" "कारखान्यातलं. नमुना." तिचं ते उत्तर खोटं नव्हतं, आणि म्हणूनच तिला ते जड गेलं. तेवढ्यात विनोदिनीकाकूंचा फोन आला, आणि बाबांनी तो स्पीकरवर टाकला. मंडळाची स्मरणिका निघणार होती. मुखपृष्ठावर पद्मिनीच्या पंख्याचा फोटो घालायचा असं काकूंनी ठरवलं होतं. "भैया, लोक आजकल विचारतात, आमचं दिलेलं टिकतं का? पंखा दाखवला की तोंडं बंद. यंदा पाच पोरी आहेत अभनपूरला जायच्या, पैसा कमी पडून राहिला. गंधाली, तुझा मोबाइल चांगला आहे, तूच काढ." बाबा म्हणाले, "हव, हव," आणि फोन ठेवून टाकीवरून हात फिरवत बसले.

आत्ता सांगावं, असं तिला जेवताना वाटलं. भाकरी मोडताना वाटलं, हात धुताना वाटलं. सांगितलं तर काय होईल हे तिला अगदी क्रमानं दिसत होतं. बाबा आधी म्हणतील, दुसरा कुठला पंखा असेल. मग पातं हातात घेतील. मग काकूंना कळेल आणि काकूंकडून साऱ्या तात्यापाऱ्याला, आणि त्या पाच मुलींची वर्गणी मागायला दारात गेल्यावर लोक हसून म्हणतील, भंगारात जातं म्हणे तुमचं. आणि न सांगितलं तर रविवारी बाबा सगळ्यांसमोर त्या वर्गात मान वर करतील आणि वर काही नसेल. याहूनही आत आणखी एक गोष्ट होती, आणि तिच्याकडं सरळ बघायला तिला धीर होत नव्हता. तिला वाटत होतं आपण शास्त्र शिकलो, आपल्याला नावाबिवाची गरज नाही. पण इतकी वर्षं ती कसल्याशा भरवशावर झोपत होती, की एका गावात, मुलांच्या डोक्यावर, ते नाव कुणाला न दिसता फिरतंय.

"बाबा," ती एवढंच म्हणाली, "टाकीवर आत्ता नका कोरू. तिथं जाऊन ठरवू."

"काहून?" ते म्हणाले. फार वर्षांनी त्यांच्या तोंडी तो शब्द आला. आईचा. टाकी वर्तमानपत्रात तशीच राहिली.

रविवारी व्हॅन नया रायपूरच्या रुंद, रिकाम्या रस्त्यांवरून गेली. दोन्हीकडं काचेच्या इमारती, मधे एखादी गाय, आणि पुढं एकदम कापलेली शेतं. विनोदिनीकाकूंनी तिळाच्या वड्यांचा डबा फिरवला. "गंधाली, चेहरा का असा? भट्टीत हात भाजला का?" "नाही काकू." पातं तिच्या पायाशी, सीटखाली, त्याच पोत्यात होतं. ते आणायचं तिनं ठरवलं नव्हतं, आणि घरी ठेवून येणंही जमलं नव्हतं. गावाच्या तोंडाशीच पोरं टोपल्या घेऊन भेटली, छेरछेरा छेरछेरा ओरडत व्हॅनभोवती धावली, आणि काकूंनी काचेतून वड्या टाकल्या.

शाळा ओळखू येईना. कवेलूंचं, म्हणजे कौलांचं, छप्पर जाऊन वर सिमेंटचा स्लॅब आला होता. गुरुजी, देवांगन म्हणून, धावत आले. मागून निळ्या साडीतल्या बाई आल्या, बहुधा छेरछेऱ्याच्या धानावर शिकलेल्या त्या तिघींतली एक. बाबा कुणाशी न बोलता थेट उजवीकडच्या वर्गाकडं गेले, जसं आपल्या घरात अंधारातही चालता येतं तसे. गंधाली मागून गेली. बाबांनी मान वर केली. वर नवा स्लॅब, पांढरा, आणि त्याला लोखंडी कडी, नुसती.

"पंखा कुठंय?" काकूंनी विचारलं. फोन काढून त्या तयार होत्या.

गुरुजींनी हात जोडले. "छत बदला न दीदी, तब तीनों पंखुड़ी मुड़ गई थी. कबाड़ वाला ले गया. नवा पंखा सरकारी आने वाला है." आणि खाली बघत, "आपको खबर करनी थी. शरम लगी."

काकूंचा फोन हळूहळू खाली आला. गंधालीनं बाबांच्या मानेकडं पाहिलं. ती अजून वरच होती आणि कॉलरच्या वरची एक शीर हलत होती. बाहेर पोरांची साद चालू होती. तेवढ्यात एक मुलगी दारात आली, धानानं भरलेली टोपली डोक्यावर, आणि गुरुजींना म्हणाली, "गुरुजी, धान ला कहां रखबो? पद्मिनी कुरिया मा?"

"काय म्हणाली ती?" काकूंनी विचारलं.

निळ्या साडीतल्या बाई लाजून हसल्या. "कुरिया माने खोली. ये कमरा पद्मिनी कुरिया है. वो जो है न, बालवाड़ी कुरिया." मग त्या सांगू लागल्या. दुपारी इथं लाइट जायचीच. पंखा थांबला की मुलं आडवी पडून वर बघायची, आणि पहिलीतली पोरं त्याच्यावरचंच वाचून शिकायची. पाटीआधी पंखा. 'स्मरणार्थ' फार अवघड, तिथं सगळे अडायचे. 'पद्मिनी' सगळ्यांना यायचं. त्यामुळं खोलीला तेच पडलं.

काकू त्या मुलीकडं वळल्या. "पद्मिनी कौन थी, मालूम है?"

मुलीनं टोपली सावरली. तिला प्रश्न विचित्र वाटला हे दिसत होतं. "कोनो नइ," ती म्हणाली. "कुरिया ए." कुणी नाही, खोली आहे.

बाबांनी मान खाली केली. त्यांच्या चेहऱ्यावर काय आहे ते गंधालीला नीट कळेना. रडू येण्याआधीचं असेल असं वाटलं, आणि मग ते चक्क हसले, छातीतून, लहानसं. मुलीच्या डोक्यावरची टोपली त्यांनी दोन्ही हातांनी उतरवून घेतली. "रख दे बेटा," ते म्हणाले. "पद्मिनी में ही रख दे." धान कोपऱ्यात ओतलं गेलं, त्याचा तो कोरडा, सरकता आवाज झाला, आणि त्या आवाजात गंधालीला अचानक आईचा आवाज ऐकू आला. शब्द नाहीत, नुसता सूर, दारासमोर घातलेल्या सादेतला शेवटचा हेल. ती हलली नाही. हलल्यावर तो जाईल हे तिला माहीत होतं, आणि तो तसाही गेला.

"फोटो कशाचा काढू आता?" काकूंनी हळूच विचारलं.

"दाराचा काढा," बाबा म्हणाले. "आणि खाली लिहा, या खोलीला काय म्हणतात. लोकांना समजलं तर समजलं." टाकी ओसरीवर ठेवली गेली, कोरी. नळ उघडा झाला की पोरं ओंजळी लावून उभी राहत होती, आणि तिच्यावर नाव नाही हे कुणाच्याच ध्यानात येत नव्हतं.

परत येताना व्हॅनमधे काकू झोपल्या. गंधालीनं पोतं सीटखालून काढून बाबांच्या मांडीवर ठेवलं, आणि पहिल्यांदा त्या दुपारी यार्डात काय झालं ते सांगितलं. बाबांनी पोतं उघडलं नाही. वरूनच चाचपलं.

"कुठलं सापडलं?"

"पद्मिनी."

"बरं झालं," ते म्हणाले. "दिवाकर सापडलं असतं तर काय केलं असतं." बाहेर सपाट शेतं जात होती. बऱ्याच वेळानं त्यांनी विचारलं, "तुझ्या भट्टीत हे चालतं का?"

"थोडं चालतं. ओतायच्या आधी पोलाद उकळत असतं, त्याच्यात ऑक्सिजन असतो. ॲल्युमिनियम टाकलं की ते ऑक्सिजन ओढून घेतं. मग पोलाद शांत होतं. शांत झालं की त्याला भोकं पडत नाहीत."

"आणि ॲल्युमिनियमचं काय होतं?"

"राखेसारखं होऊन वर तरंगतं. थोडं आत राहतं. दिसत नाही."

"आणि नाव?"

"रंग सगळ्यात आधी जातो, बाबा."

त्यांनी मान हलवली, जसं एखाद्यानं वाटेचं वळण नीट सांगितल्यावर हलवावी. मग पोतं तिच्या मांडीवर परत ठेवलं. खिडकी उघडी होती. वाऱ्यानं पातं पोत्यात वळलं आणि तिच्या गुडघ्याला रेटू लागलं, आणि गंधाली थोडी सरळ होऊन बसली.